ओवाळणीतला कॉम्प्युटर

त्या डब्यात काही नव्हतं, आणि देताना मला ते माहीत होतं. आज इतकी वर्षं झाली, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. वडील गेले, अप्पा, त्यांनाही नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं, त्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्कालाही नाही.

बीडमध्ये लोक मला ओळखतात ते जुन्या कॉम्प्युटरवाला म्हणून. दवाखान्यांतून, ऑफिसांतून, घरांतून टाकून दिलेली यंत्रं मी गोळा करतो. जी चालतील ती दुरुस्त करून खेड्यातल्या शाळांना देतो. जी चालणार नाहीत ती सुटी करतो. काचा एका पोत्यात, बॅटऱ्या दुसऱ्यात, आतल्या हिरव्या पाट्या तिसऱ्यात. हे सगळं परवाना असलेल्या कारखान्याकडे टेम्पोने जातं. एक वायरसुद्धा मी कुणाला जाळायला देत नाही. ह्या कामासाठी माझा एक-दोनदा सत्कार झाला. अंगावर शाल पडली की मला घाम फुटतो. बघणाऱ्यांना वाटतं, साधा माणूस आहे, लाजतोय.

यंत्र देण्याची माझी एक रीत आहे. घेणाऱ्याच्या समोर मी डबा उघडतो. ही मेमरी, ही हार्ड डिस्क, हा पंखा, असं एकेका वस्तूवर बोट ठेवून दाखवतो. मग झाकण लावून त्याच्याच हाताने तीनदा चालू करायला लावतो, तीनदा बंद. त्याशिवाय वस्तू हलू देत नाही. माझ्या शेडशेजारी भंगाराचं दुकान असलेला दोस्त आहे, त्याची ह्यावरून कायम टिंगल चालते. "लोक बैल इकताना दात दाखवतेत बे," तो म्हणतो. "तू तर आतडी दाखवायलास. फुकट द्यायलास ना? मग कावून एवढी वकिली?"

कावून, ते आता सांगतो.

आम्ही मूळचे पालीचे. धरणाच्या अलीकडे आमचं किराणा दुकान होतं. अप्पा सकाळी लिंगपूजा करून, कपाळाला भस्म लावून गल्ल्यावर बसायचे ते दुपारी दोनपर्यंत. दोन ते चार त्यांची झोप, आणि त्या दोन तासांत दुकान अक्काचं. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी.

अक्काला मागता येत होतं. हे साधं वाटेल, पण आमच्या घरात दुसऱ्या कुणालाच ते येत नव्हतं. आईला नाही, मला नाही. आम्ही मनात धरून बसणारी माणसं. अक्का मात्र सरळ हात पुढे करायची. धरणाकडच्या माळावर सीताफळं डोळा उघडायला लागली की मला म्हणायची, "ते वरचं पाड. खालचं न्हाई, वरचं." मी सदरा फाडून घ्यायचो, पण वरचंच पाडायचो. नारायणगडाच्या जत्रेत सगळ्या पोरी बांगड्यांपुढे उभ्या असायच्या, आणि ही अप्पांना म्हणायची, "मला सेल पायजेत. चार." दुकानातल्या ट्रान्झिस्टरला हवे असायचे.

तो ट्रान्झिस्टर एकदा खरखरायला लागला आणि मग मुकाच झाला. त्या दुपारी अप्पा झोपलेले बघून अक्काने तो खोलला. स्क्रू हरवू नयेत म्हणून तराजूच्या एका पारड्यात ठेवले, दुसऱ्या पारड्यात सेल. मी दारात पहारा देत होतो. अप्पा उठून बाहेर आले, तर ट्रान्झिस्टरचं पोट पोत्यावर पसरलेलं. मला वाटलं, आता बसतोय मार. अप्पांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "चालू झाला तर तुझा. न्हाई झाला तर माझा."

चालू झाला. एक तार सुटली होती, ती तिने पिळून बसवली होती. अप्पांनी शब्द पाळला. लग्नात तो ट्रान्झिस्टर भांड्यांच्या रुखवतात मांडला गेला आणि अक्काबरोबर दिंद्रुडला गेला.

दिंद्रुडला दाजींचं बी-बियाणाचं दुकान. अक्का डी.एड. झालेली, तिथल्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागली. मी बीडला शिकलो, औरंगाबादला हार्डवेअरचा कोर्स केला आणि परत येऊन एका कापड दुकानाच्या वर कॉम्प्युटरचा क्लास काढला. एस.टी.डी. बूथच्या पिवळ्या पाट्या गल्लोगल्ली लागल्या होत्या. घरावर डिशच्या छत्र्या आल्या होत्या. जो तो पोराला म्हणायचा, कॉम्प्युटर शिक, न्हाई तर मागं पडशील. नेमकं कशाच्या मागं, ते कुणालाच माहीत नव्हतं. पण माझा क्लास भरून वाहायचा.

एका मे महिन्यात अक्का माहेरपणाला आली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरच्या मागं बसून क्लासला आली. महिनाभर रोज. घरी आईची कुरकुर, "पोरगी चार दिस आराम कराया आली, हा तिला राबवाया लागला." मी राबवत नव्हतो. कोपऱ्यातलं सगळ्यात जुनं मशीन तिने स्वतःच धरलं होतं. आधी बोटांनी शिकली, मग म्हणाली, "आता आत दाखव." मी झाकण काढून दाखवलं. ही मेमरी, ही हार्ड डिस्क. ती वाकून वाकून बघत होती, पदर एका हाताने मागं धरून.

"हे काढलं तर?"

"तर चालूच होत न्हाई. नुसतं ओरडतं."

"काढून दाखव."

मी मेमरीची पट्टी काढली आणि बटण दाबलं. टूं, टूं, टूं. पडदा काळाच. अक्का लहान पोरीसारखी हसली. "भूक लागली की असंच वरडायचास तू."

जाताना तिने बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर अख्खा कीबोर्ड काढला, प्रत्येक अक्षर जागच्या जागी, आणि तो गुंडाळून दिंद्रुडला नेला. पोरांना त्यावर बोटं ठेवायला शिकवायला लागली.

दोन हजार साल लागायच्या आधीची ती दिवाळी. दसऱ्याला ती एक दिवस आली होती तेव्हाच तिने मागणं घातलं.

"औंदा भाऊबीजेला मला साडी नको."

"मग?"

"तुझ्या कोपऱ्यातलं ते जुनं मशीन दे. मला न्हाई, शाळेला. पोरं पुठ्ठ्यावर बोटं मारून कंटाळलीत. परवा एक जण म्हणतंय, बाई, ह्याच्यात लाईट कवा येती?"

"अक्का, ते लई जुनं हाय."

"मी काय नवी हाय का? चालतंय ना, मग दे."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. मी नवी मशीनं घेतच होतो, त्या जुन्याला गिऱ्हाईक नव्हतं. मी ते पुसून, साफ करून, चादरीत बांधून ठेवलं.

आणि दिवाळीच्या तोंडावर ते पुन्हा उघडलं.

झालं असं की एका डॉक्टरांना नव्या दवाखान्यात लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर कॉम्प्युटर पाहिजे होता. औरंगाबादहून माल यायचा होता, तो ट्रान्सपोर्टमध्ये अडकला. मी अक्काच्या डब्यातली मेमरी आणि हार्ड डिस्क काढली आणि डॉक्टरांच्या मशीनमध्ये घातली. पूजेपुरतं चालू करून देऊ, मग माल आला की त्याचं त्याला आणि हिचं हिला. दोन-तीन दिवसांचा प्रश्न. पाडव्याला माल आलाही. पण तोवर दुसरं गिऱ्हाईक दारात होतं.

हे झालं कारण. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण ह्याच्या आत आणखी एक गोष्ट होती, ती आज लिहितो. डबा बंद करताना मी मनाशी म्हणालो होतो, खेड्यातली शाळा ती. तिथं हे कोण चालू करणार आहे? हार घालतील, वर झाकण घालतील, साहेब आला की दाखवतील. शाळेला द्यायचं म्हणजे दिसायला कॉम्प्युटर असला की झालं. ज्या शाळेत माझी बहीण पुठ्ठ्यावर अक्षरं काढून पोरं शिकवत होती, त्या शाळेबद्दल मी हे म्हणालो होतो. चार स्क्रूंपैकी एक मला सापडेना, म्हणून दुसराच एक लांब स्क्रू उजव्या कोपऱ्यात वरती पिळला आणि डबा परत चादरीत बांधला.

भाऊबीजेला सकाळच्या परळी गाडीत मांडीवर मॉनिटर आणि पायात डबा घेऊन बसलो. वडवणीच्या आधी कंडक्टर तिकिटाला आला.

"हे काय, टीव्ही हाय का?"

"कॉम्प्युटर हाय."

"मग दोन तिकिटं लागतील. एक त्याच्या डोक्याचं."

अख्खी गाडी हसली. मीही हसलो.

दिंद्रुडच्या स्टँडवर दाजी मोटारसायकल घेऊन उभे होते. डब्याकडे बघून म्हणाले, "काय मेव्हणं, साडीवर भागत होतं की! आता हिचं ध्यान माझ्याकडं राहतंय का?" अक्का दारातून ओरडली, "आधी कधी होतं?"

तिने अंगण सारवलं होतं. पाटाभोवती रांगोळी, दोन कणकेचे दिवे. मला ओवाळलं, आणि मग मॉनिटर-डबा पाटाशेजारी ठेवायला लावून त्यालाही कुंकवाचं बोट लावलं. मला वाटलं, आता म्हणेल, चालू करून दाखव. तोंडात मी खोटं तयार ठेवलं होतं, व्होल्टेज कमी आहे म्हणून. पण तिने विचारलंच नाही. आमच्याकडे ओवाळणीत काय आलं ते बहिणीने तिथल्या तिथे बघायचं नसतं. तबक तसंच उचलून देवापुढे न्यायचं. भावाने घातलं ते भरून पावलं. अक्का म्हणाली, "आता शाळा उघडल्यावर, नारळ फोडूनच."

जेवताना तिने मला आग्रह करून करून पुरणपोळी वाढली. दाजी म्हणाले, "खा, खा, कॉम्प्युटर दिलाय म्हणून. साडीच्या वर्षी दोनच मिळायच्या." मी सहा खाल्ल्या. त्या जेवणाची चव अजून जिभेवर आहे. तिच्या हातचं असं हसतखेळत जेवण मला पुन्हा मिळालं नाही.

शाळा उघडायला अडीच आठवडे होते. अडीच आठवडे! एका दुपारचं काम होतं. बॅगेत दोन वस्तू टाकायच्या आणि गाडी पकडायची. मी रोज उद्यावर ढकललं. मग तिचा फोन आला.

"सोमवारी नारळ हाय. गावातली मोठी माणसं येणार हायेत. तू ये, तूच चालू कर."

"मला न्हाई जमायचं अक्का. बॅच चालू हाय. तूच दाब की बटण. तुला येतंच."

सोमवारी दुपारी क्लासमधला फोन वाजला. मी उचलायच्या आधीच ओळखलं.

"अरे, ते चालूच झालं न्हाई." मागं स्टँडवरच्या गाड्यांचा आवाज येत होता. ती बूथवरून बोलत होती. "दिवा लागला. पंखा फिरला. आणि नुसतं टूं टूं करून वरडाया लागलं. पोरं हसाया लागली. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, काय दाबलं तुमी?"

तो आवाज कशाचा, हे मला माहीत होतं. आणि तिलाही माहीत असायला पाहिजे होतं. मीच तिला दाखवलं होतं ना? पण तिने तसं काही म्हटलं नाही. ती थांबली होती. आता कळतंय, ती मला जागा देत होती. मी तेव्हा बोललो असतो, "अक्का, त्यात मेमरी न्हाई, मी काढून घेतली," तर ती चिडली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, आणि मी संध्याकाळच्या गाडीने गेलो असतो. एवढ्यावर मिटलं असतं.

मी म्हणालो, "व्होल्टेज वर-खाली झालं असंल. न्हाई तर तुझं बटण चुकलं असंल."

पलीकडे बूथचा मीटर पळत असणार.

"आसंल," अक्का म्हणाली. "माझंच चुकलं आसंल."

महिन्याने मी गेलो. मेमरी आणि हार्ड डिस्क बॅगेत होती, आणि मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. मुख्याध्यापकांना म्हणायचं, बघू जरा काय झालंय, आणि उघडून गुपचूप बसवायचं. मुख्याध्यापक भला माणूस होता. मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"या, या. तुमची वस्तू लई मोलाची हो, पण बाईंचा हात जड निघाला. एका दाबात काम तमाम!" ते आपले गमतीने म्हणत होते. "तसं आमी बाईंना काय बोललो न्हाई बरं का. चूक त्यांनीच कबूल केली, सगळ्यांसमोर. म्हणल्या, भावानं चांगलं दिलंतं, माझ्याच हातनं बिघडलं."

कॉम्प्युटर ऑफिसातल्या जाळीच्या कपाटात ठेवलेला होता, पाठ जाळीकडे करून. मी उठून जवळ गेलो. पाठीमागचे चार स्क्रू दिसत होते. लांबडा स्क्रू मी उजव्या कोपऱ्यात वरती लावला होता. तो आता डाव्या कोपऱ्यात खाली होता.

कुणीतरी तो डबा उघडला होता. उघडून, बघून, परत नीट बंद केला होता. त्या शाळेत स्क्रू खोलायला येणारं एकच माणूस होतं.

"किल्ली कुठंय?" मुख्याध्यापक शिपायाला विचारत होते, तेवढ्यात अक्का वर्गावरून आली. हाताला खडू. मला बघून थबकली, माझ्या बॅगेकडे बघितलं आणि सरळ येऊन कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"ऱ्हाऊ द्या सर."

"अहो बाई, भाऊच हाय तुमचा. उघडू द्या की, बघंल काय झालंय ते."

"भाऊबीजेची वस्तू हाय. दिलेली वस्तू भावानं परत उघडून तपासायची आसती का? माझ्या हातनं गेली, विषय संपला."

मुख्याध्यापक हसले. "बघा, माहेरचा किती अभिमान!"

त्यांना तो नुसता अभिमान वाटला. मला कळलं ती काय करते आहे. सगळ्यांसमोर झाकण उघडलं असतं तर आतल्या रिकाम्या खाचा दिसल्या असत्या. सासरच्या गावात बोललं गेलं असतं, पालीच्या अप्पांच्या घरून रिकामं डबडं आलं. माहेरचं उणं सासरी उघडं पडू द्यायचं नाही, हे आमच्याकडे पोरीला चालायला लागल्यापासून शिकवतात. अक्काने ते पाळलं. बिघडवल्याचा डाग स्वतःच्या हातावर घेतला आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

आणि मला काय वाटलं? सुटलो, असं वाटलं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे. तिने दार अडवलं आणि माझी छाती हलकी झाली.

स्टँडपर्यंत ती सोडायला आली. मी म्हणालो, "अक्का..." ती म्हणाली, "गाडी लागली. अप्पाला काय सांगू नको." दोन वस्तू बॅगेत तशाच घेऊन मी बीडला परत आलो.

पुढची गोष्ट लांबलचक आहे आणि तिच्यात काही घडत नाही. हेच तिचं दुःख आहे. दोन-तीन वर्षांनी शाळेला सरकारी कॉम्प्युटर आले. प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं ठरलं तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, बाई नकोत, त्यांचा हात जड हाय. एका नव्या सरांना पाठवलं. दाजींनी मला ते हसत हसत सांगितलं. गावात ते चिडवण्यासारखं झालं होतं. मिक्सर बंद पडला, हात जड. टीव्हीला मुंग्या आल्या, हात जड. पोत्यावर ट्रान्झिस्टर खोलणारी माझी बहीण. तिने मग कशालाच हात लावणं सोडलं.

आणि तिने मागणं सोडलं. दर भाऊबीजेला मी साडी नेतो. पूर्वी जेवणं झाली की ती देवापुढची साडी आणून, घडी मोडून उजेडात धरायची. "हा कसला रंग रे, बैलाची झूल हाय का?" म्हणायची. पुढच्या वर्षीचा रंग आत्ताच सांगून ठेवायची. आता घडीवर नुसता हात फिरवते. "छान हाय." मी विचारतो, अक्का, तुला काय पाहिजे? फ्रीज देऊ? गुडघ्यांचं ऑपरेशन करू या? ती म्हणते, "काय नको रे. सगळं हाय."

ती चांगलं वागते. जेवायला वाढते, बायकोची-पोरांची चौकशी करते, निघताना डब्यात लोणचं देते. कुणी बघितलं तर म्हणेल, काय बहीण-भावाचं प्रेम! मलाच तेवढं माहीत आहे की काय नाही. कुणी माझ्याकडे हक्काने हात पुढे केलेला नाही, त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. सीताफळाच्या दिवसांत पालीच्या रस्त्याने जाताना कधी गाडी थांबवतो आणि बघत उभा राहतो. वरच्या फांदीला एखादं डोळा उघडलेलं दिसतं. "खालचं न्हाई, वरचं." असं आता कुणी म्हणत नाही.

तो डबा मी शोधला. अप्पा गेले त्या वर्षी शाळेत जाऊन विचारलं. मोडक्या बाकांबरोबर भंगारात गेला, म्हणाले. कुठल्या भंगारात, कुणाला माहीत नव्हतं. त्या काळात जुन्या यंत्रांचं काय होत होतं ते मला माहीत होतं. गावाबाहेर ओढ्याला वायरींचा ढीग पेटवायचे, तांबं निघावं म्हणून. काळा धूर. काचा फोडून तिथंच टाकायच्या, त्यात शेळ्या फिरायच्या. माझ्या हाताने निघालेलं डबडं असंच कुठल्यातरी ओढ्यात संपलं असणार. त्यानंतर मी क्लास बंद केला आणि हे गोळा करायचं काम सुरू केलं. कुणी विचारलं तर मी पर्यावरण वगैरे सांगतो. ते खोटं नाही. पण पहिलं कारण ते नाही.

आणि मला संधी मिळाली नाही असंही नाही. अक्का निवृत्त व्हायच्या वर्षी मी तिच्या शाळेला दहा कॉम्प्युटर दिले. एकेक उघडून, दाखवून, तीन-तीनदा चालू करून. कार्यक्रम ठेवला होता. जुने मुख्याध्यापक पहिल्या रांगेत, काठी घेऊन बसलेले. नव्या मुख्याध्यापिका उत्साही होत्या, त्यांना जुनं काही माहीत नव्हतं. म्हणाल्या, पहिलं बटण सरांच्या भगिनींनी दाबावं, आमच्याच बाई आहेत.

अक्का मागच्या रांगेत होती. सगळे वळून बघायला लागले. ती उठली नाही. दोन्ही हात पदराखाली घेतले आणि हसून म्हणाली, "नको बाई. माझा हात जड हाय."

लोक हसले. जुने मुख्याध्यापक सगळ्यात मोठ्याने. "बाई अजून इसरल्या न्हाईत!"

माईक माझ्या हातात होता. चालू होता. सगळं गाव समोर होतं, ज्यांनी तेव्हा ऐकलं ती माणसंही समोर होती. एक वाक्य बोलायचं होतं. मी अक्काकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान थोडीशी हलवली. नको, असं. का माझा भास होता, कुणास ठाऊक. मी त्या भासाचा आधार घेतला. म्हणालो, "विद्यार्थ्यांनी ह्या यंत्रांचा चांगला उपयोग करून घ्यावा." टाळ्या झाल्या. बटण एका सहावीतल्या मुलीने दाबलं.

परवा दिंद्रुडला गेलो होतो. अक्काची नात तिला मोबाईलवर फोन लावून देत होती. मी म्हणालो, "अक्का, हे सोपं हाय, तू शिक की." ती म्हणाली, "नको रे, मी हात लावला की बिघडतं." ह्या वेळी ती गंमत करत नव्हती. तिने खरंच तसं धरलं आहे. जे खोटं तिने माझ्यासाठी उचललं, ते उचलून उचलून तिला खरं वाटायला लागलं आहे.

मी तिच्या शाळेला दहा कॉम्प्युटर दिले, तिला पंचवीस साड्या दिल्या. त्याने काही फिटलेलं नाही. तिच्या घरात, दाजी आणि सुना-नातवंडं बसलेली असताना, त्या म्हाताऱ्या मुख्याध्यापकांना बोलावून, मला एवढंच सांगायचं आहे, की तो डबा मी रिकामा दिला होता आणि अक्काच्या हातून काहीही बिघडलं नव्हतं. हे मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.